पाहुण्यांची बाटली

वन्सं,

तुमचं तेरावं काल उरकलं. आलेल्यांनी गोडाचं जेवून हात धुतले, आणि मग एकेक जण माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलू लागला. मला वाटलं, तुमच्याविषयी काही चांगलं आठवलं असेल, ते माझ्या कानात सांगून जाणार. कसचं काय. "काकू, आत्यांच्या तेलाची एखादी बाटली उरली असली तर बघा ना." रडून डोळे सुजलेल्या बायकासुद्धा पदर खाली घेऊन आधी तुमच्या बाटल्यांच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. तुमच्यासाठी किती जण रडले ते मला सांगता येणार नाही, तुमच्या तेलासाठी मात्र सगळे हळहळले.

मी कुणालाच दिलं नाही. संपलं म्हणून सांगितलं. खोटं बोलले, ते माझं मी बघून घेईन.

तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, म्हणून मी तुम्हाला वन्सं म्हणत आले. साताऱ्याची माझी भाची म्हणते, हा शब्द तिकडे आता कुणी वापरत नाही. इथे झाशीत आपल्या मराठी घरांत तो राहिला आहे, कारण इथे आपण सगळंच टिकवून ठेवतो, उपयोग असो वा नसो. तुम्ही तेल टिकवलंत आणि राग टिकवलात. दोन्ही बाबतींत तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लग्न होऊन मी मानिक चौकामागच्या गल्लीतल्या या घरात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत आईने दिलेला खोबरेल तेलाचा डबा होता. थंडी कडाक्याची होती. सकाळी डबा उघडला तर तेलाचा दगड झालेला. मी चमच्याने खरवडत बसले होते आणि तुम्ही दारात उभ्या होतात. "सुधा, हे केसांना लावतात की भिंतीला?" तुम्ही विचारलंत, आणि तुमच्या मागे उभे असलेले हे, तुमचा लाडका भैया, हसले. नवा नवरा दुसऱ्या कुणाच्या विनोदाला आपल्यावर हसला की कसं वाटतं, ते तुम्हाला कळायला तुमचा संसार थोडा तरी टिकायला हवा होता. बघा, तुमच्याशी बोलताना माझी जीभ अजून तशीच चालते. तुम्ही गेलात म्हणून ती गोड झालेली नाही.

तो डबा तुम्ही मला गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायला लावलात. "पिघळू दे." तो तिथेच विसरला. वैशाखात लूचं भाजणारं वारं सुटलं तेव्हा आठवण झाली आणि तुम्ही तो खाली आणून झाकण उघडून माझ्या नाकाशी धरलात. कुजक्या शेंगदाण्यांचा वास. "मालूम झालं? ऊन, हवा आणि उष्मा. तेलाचे वैरी. आणि सगळ्यात मोठा वैरी तुझा ओला हात." माझ्या आईचं तेल नासवून तुम्ही मला पहिला धडा दिलात. धडा खरा होता, म्हणून जास्त झोंबला.

तुम्हाला तेल करताना बघायला मात्र मला आवडायचं. हे तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून दार लावून घेऊन केलं असतंत. पावसाळ्यात ओढ्याकाठचा माका उपटून आणायचा, अंगणातल्या जास्वंदीची फुलं काढायची, बाकीचं मानिक चौकातल्या पंसाऱ्याच्या जडीबुटीच्या दुकानातून, आणि सगळं सावलीत इतकं सुकवायचं की मुठीत धरताच चुरा व्हावा. पानात पाणी राहिलं तर तेल आतून बिघडतं. तिळाचं तेल मऊरानीपुरच्या घाण्यावरचंच लागायचं. ते हे ड्यूटीवरून येताना आणायचे. रेल्वेत लोकांची तिकिटं तपासणारा, काळ्या कोटातला माणूस, बहिणीसाठी तेलाचा डबा मांडीवर घेऊन यायचा. मग मंद आच, बुडबुडे थांबेपर्यंत कढवणं, निवल्यावर मलमलीतून गाळणं, परत गाळणं, गाळ तळाशी बसू देणं आणि वरचं निवळ तेवढंच भरणं. बाटल्या राखेने घासून, उन्हात उपड्या घालून कडकडीत कोरड्या केलेल्या. तेल अगदी गळ्यापर्यंत, म्हणजे आत हवेला जागा नको. वर बूच, बुचावर मेण. आणि बाटलीच्या अंगाला ह्यांच्या जुन्या काळ्या कोटाच्या कापडाची शिवलेली पिशवी, उजेड लागू नये म्हणून. रेल्वेने आपल्या तिकीट तपासनिसाला दिलेला कोट कुठे कुठे कामाला आला, हे त्यांना सांगितलं तर दचकतील.

अंगाला लावायचं तेल वेगळं असायचं, महुआच्या बियांचं. इथे त्याला गुलीचं तेल म्हणतात. थंडीत तेही दगडासारखं गोठायचं. ते भिंतीला लावायचं तुम्हाला कधी सुचलं नाही.

बाटल्यांची जागा घिनौचीखाली. पाण्याचे माठ ठेवायच्या ओट्याला इथले लोक घिनौची म्हणतात. वर माठ झिरपून वाळू कायम ओली, आणि खाली विटांच्या कप्प्यात कोरडं आणि थंड. बाहेर झाशी भाजून निघत असली तरी त्या कप्प्यात हात घातला की बरं वाटायचं. मी फ्रिज घेतला तेव्हा मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, वन्सं, आता तुमच्या बाटल्या यात ठेवा. तुम्ही फ्रिजमधली पाण्याची बाटली काढून ओट्यावर ठेवलीत आणि तिला घाम फुटेपर्यंत मला समोर उभं केलंत. "रोज आत-बाहेर केली की हा घाम तेलात जातो. तुझा फ्रिज तुला लखलाभ." एका घामेजल्या बाटलीने माझी ऐट उतरवलीत.

इतकं सगळं करून तेल ताजं राहायचं, आणि ताजं तेल घरातल्या कुणाच्याही डोक्याला कधी लागायचं नाही. हा तुमचा कायदा. घरच्यांना जुनं, पाहुण्यांना नवं. शरदात नवं तेल झालं की मेण लावून कप्प्यात आत जायचं, आणि आम्ही गेल्या वर्षीच्या, उन्हाळा बघितलेल्या बाटल्या संपवायचो. अगदी नासलेलं नाही, पण उतरलेलं. उशीला आंबूस वास येण्याइतकं. ते संपेपर्यंत नव्याचं जुनं झालेलं असायचं. या घरात सगळ्यांत चांगलं तेल होत होतं आणि या घरातल्या बायकांच्या केसांना सगळ्यांत वाईट वास येत होता. शाळेत शिकवायला जायची मी. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असायची, हे तुम्हाला घरी येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "तेवढीच ऐसपैस बैस."

आणि तरीही, वन्सं, गंमत अशी की वर्षभरात मला तो वास आवडायला नाही, पण हवासा वाटायला लागला. नवी बाटली ज्याच्यासाठी फुटते तो चार दिवसांनी ट्रंक उचलून जातो. जुनी ज्याच्या डोक्यावर येते तो राहतो. सासूबाईंनी मला कधी तू आमची म्हटलं नाही, ह्यांना असलं बोलणं जमायचं नाही. उतरलेल्या तेलाची ती वाटी हीच काय ती माझी नोंद होती या घरात. म्हणून ती मी कधी नाकारली नाही.

मुक्ता झाली तेव्हा म्हणून तर आपलं भांडण झालं. बाळाला मालिश करायला तुम्ही बसलात आणि नव्या बाटलीचं मेण फोडलंत. शेजारची रामकली, जी तुम्हाला जिज्जी म्हणायची आणि तुमच्या तेलाचं गाळण धरायची, ती कौतुकाने म्हणाली, "काए जिज्जी, मोड़ी के लाने नओ तेल खोल दओ?" तुम्ही म्हणालात, "मोड़ी तो पाहुनी होत है." मुलगी म्हणजे पाहुणी. पाळण्यात घालायच्या आधीच तुम्ही माझ्या लेकीची ट्रंक भरून ठेवलीत. मी अंथरुणावरून उठले आणि म्हटलं, "तिला घरचं लावा." रामकली मधे पडली, ह्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. तुम्ही नवी बाटली बाजूला ठेवलीत, कोनाड्यातली जुनी आणलीत आणि तीच बाळाला चोळलीत.

तिच्या पाठीवर पुरळ उठलं. लाल, बोटभर जागा मोकळी नाही असं. उतरलेलं तेल तान्ह्या कातडीला चालत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं असं कुणी शपथेवर सांगितलं तरी माझा विश्वास बसणार नाही. डॉक्टरांनी मला झाप झाप झापलं. "शिकलेल्या दिसता आणि बच्ची को सड़ा तेल?" तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत, मुक्ताला मांडीवर घेऊन बसल्या होतात. घरी आल्यावर पायऱ्या चढताना म्हणालात, "घरची व्हायचं होतं ना तिला." आणि मग सगळी रात्र तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्यात, मला हात लावू दिला नाहीत. तुमचा तिरस्कार करायला मी बसले की तुम्ही असं काहीतरी करून ठेवायच्या, त्यामुळे तो कधी नीट पुरा झाला नाही.

तुम्ही स्वतः समथरला दिलेल्या होतात आणि वर्ष भरायच्या आत परत आलात, एवढंच मला लग्नात कळलं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी मनात सगळ्यात वाईट कारण धरून ठेवलं. तुमच्याबद्दल वाईट धरणं सोपं होतं. समथरचा माणूस वारल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही तेल गाळत होतात. निरोप आणणारा दारात उभा. सासूबाई म्हणाल्या, ऊठ, डोक्यावरून पाणी घे. तुम्ही मलमल पिळत राहिलात. "मधे सोडलं तर हवा लागते," एवढंच बोललात. शेवटच्या बाटलीला मेण लावेपर्यंत उठला नाहीत, आणि उठलात ती पोळ्या करायला. मी तेव्हा घाबरले होते तुम्हाला. आज वाटतं, कुणी मेल्यावर हाताला असं काम असलेलं बरं.

मग हे गेले. सासूबाई आधीच गेलेल्या, मुक्ता कॉलेजात भोपाळला. घरात उरलो आपण दोघी, आणि आपल्या मधलं माणूस काढून घेतलं तर आपण एकमेकींच्या कोण, हे कुणालाच सांगता आलं नसतं. ह्यांचं तेरावं झालं त्या दुपारी साताऱ्याहून आलेला माझा दादा मला म्हणाला, "सुधा, आता इथे तुझं कोण आहे? चल घरी." तुम्ही स्वयंपाकघरात होतात. भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे तुम्ही ऐकलंत. मी तुमच्या तोंडून काही निघतं का याची वाट बघत होते. नको जाऊ, एवढं म्हणायला तुम्हाला काय पडलं होतं?

संध्याकाळी बघते तो तुम्ही खुंटीवरचा ह्यांचा शेवटचा कोट घेऊन कात्री चालवत होतात. एक बाही कापून झाली होती. मी कोट हिसकावला. "काळं कापड बाजारात मिळत नाही का?" मी ओरडले. तुम्ही बाही सोडली नाहीत. "हे कापड बेहतर आहे," म्हणालात. माणूस जाऊन पंधरवडा झाला नव्हता आणि तुम्हाला कापडाची जात दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सुतक संपल्यावरचं पहिलं न्हाणं. मी न्हाणीघरात गेले तर चौरंगावर बाटली होती. त्या बाहीत गुंडाळलेली. मेण फोडलेलं, बूच सैल करून ठेवलेलं, आणि नव्या तेलाचा तो वास, जो इतक्या वर्षांत मी फक्त पाहुण्यांच्या डोक्याला घेतला होता. तुम्ही बाहेरून म्हणालात, "घे. नवं आहे."

वन्सं, माझ्या आयुष्यात मला कुणी इतक्या थोड्या शब्दांत घराबाहेर काढलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्यात, ताट ढकललं असतंत, तर मी भांडले असते. तुम्ही मला नवं तेल दिलंत, तेही माझ्याच नवऱ्याच्या बाहीत घालून. मी ओल्या पायांनी तशीच बाहेर आले, कोनाड्यातली जुनी बाटली उचलली आणि तुमच्या डोळ्यांदेखत डोक्यावर ओतली. तुमच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसलात की दुखलं, ते मला कळलं नाही. तुम्ही म्हणालात, "झाकण लाव. हवा लागते."

दादा एकटाच साताऱ्याला गेला. ती फोडलेली नवी बाटली तशीच पडून राहिली. तुम्ही तिला हात लावला नाहीत, मी लावला नाही. उन्हाळ्यात ती उतरली, आणि पुढच्या वर्षी तिची पाळी आली तेव्हा आपण दोघींनी मिळून संपवली. रिकामी बाटली घासून, वाळवून तुम्ही परत वापरात घेतलीत आणि बाही पुन्हा तिच्याच अंगावर चढवलीत. त्या वेळी तुम्ही का दिलीत आणि मी का घेतली नाही, यावर आपण एक अक्षर बोललो नाही. भाजीत मीठ किती यावर मात्र रोज बोललो.

मुक्ताचं लग्न झालं. पहिल्यांदा माहेरी आली त्या सकाळी तुम्ही मेण फोडलंत. "वॉव आत्या, क्या खुशबू है," असं म्हणून ती तुमच्या गळ्यात पडली. तिला कायदा माहीत नव्हता, मी कधी सांगितला नाही. तुम्ही तिच्या केसांत बोटं फिरवत होतात आणि माझ्याकडे बघत नव्हतात. त्या एका सकाळी आपलं दोघींचं एकमत होतं, आणि दोघींनाही ते नको होतं.

गेल्या दिवाळीनंतर तुम्ही अंथरूण धरलंत. आधी पाय गेले, मग नाक गेलं. पाय गेल्याचं तुम्ही मनाला लावून घेतलं नाहीत, पण वास येईना झाला तेव्हा पहिल्यांदा तुम्हाला घाबरलेलं पाहिलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी रोज गुलीचं तेल कोमट पाण्यात वाटी धरून पातळ करायचे आणि तुम्हाला कुशीवर वळवायचे. तुम्ही विचारायच्या, "कोणतं आहे?" मी सांगायचे, "जुनं." मग तुमचं अंग सैल पडायचं. रोज विचारायच्या. मी रोज खरं सांगायचे, आणि खोटं सांगितलं तरी हिला कळणार नाही, हेही रोज माझ्या मनात यायचं. तुम्ही माझ्या हातात होतात. एवढ्या वर्षांनी तुमचं नाक, तुमची पाठ, तुमचा कायदा, सगळं माझ्या ओंजळीत आलं होतं, आणि हे मला आवडत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्यातच एकदा पालथ्या पडल्या पडल्या तुम्ही भिंतीशी बोलावं तसं बोललात. "समथरहून आले ना मी, तर आई मला रोज नवं द्यायची. नवं तेल, चांगलं ताट, बसायला पाट. माहेरवाशिणीचे लाड, समझी? मी म्हणायची, आई, मी आता परत नाही जाणार. ती म्हणायची, असं बोलू नये बेटा, आज ना उद्या ते लोक नेतीलच. साल निघून गेलं. कोणी न्यायला येईना आणि आई नवं द्यायचं थांबेना. मग एक दिवस मी उठले, जुनी बाटली घेतली आणि पूरी डोक्यावर ओतली. तोंडावरून वाहिलं सगळं. आईने मला चपलेने मारलं त्या दिवशी. त्यानंतर कभी नवं नाही दिलं. घरची झाले."

माझा हात तुमच्या पाठीवर होता तिथेच राहिला. म्हणजे त्या सकाळी मी ओल्या पायांनी बाहेर येऊन जे केलं ते तुम्ही स्वतः आधी करून बसला होतात, आणि मी ते करताना तुम्ही ते बघितलंत. मग मला नवं का दिलं होतंत? तुमच्या आईने तुम्हाला लोटलं तसं मला लोटायचं होतं म्हणून? का मी ओतते की निमूट जाते हे बघायचं होतं? का भैयाच्या बायकोचे हाल बघून एकदाच, आयुष्यात एकदाच, तुमचं मन पाघळलं आणि तुम्ही कायदा मोडलात, आणि मी ते तुमच्या तोंडावर फेकलं? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तुम्ही म्हणालात, "थांबलीस का? चोळ. आता मेल्यावरही तुझ्याच हातात आहे मी." आणि खोकत हसलात. मी म्हटलं, "हो, आहात." मग चोळत राहिले. पुढच्या आठवड्यात तुमची वाचा गेली.

आज सकाळी मी न्हायले. तुमच्या सुतकानंतरचं पहिलं. मुक्ता न्हाणीघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. "मम्मी, तू आता इथे अकेली काय करणार? चल ना भोपाळला." दादाचेच शब्द, फक्त गाव वेगळं. मी कोनाड्यातली जुनी बाटली घेतली आणि डोक्यावर घातली. "छी मम्मी, ये तेल खराब हो गया है," ती म्हणाली. मी म्हटलं, "माहीत आहे." ती रागावून गेली. कप्प्यात अजून रांगेने बाटल्या आहेत, तुम्ही अंथरूण धरायच्या आधी भरलेल्या, आणि घरचं डोकं आता एकच उरलंय. मी सगळ्या संपवेन, एकेक, पाळीपाळीने. केस राहोत न राहोत. त्या संपेपर्यंत मला इथून कुणी हलवू शकत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्हाला माहीत असेल तर असू दे, तरी सांगते.

तुम्ही पहाटे गेलात. मुक्ता यायची होती. शेवटच्या आंघोळीआधी तेल लावायचं, म्हणून मी घिनौचीशी गेले. जुनी बाटली कोनाड्यात, हाताशीच होती, रोजची. मी तिच्याकडे बघितलं आणि वाकून कप्प्यात हात घातला. बाही हाताला लागली. चुकून नाही, वन्सं. अंधारातही मला त्या कापडाची जात कळते. तुम्ही म्हणायच्या तसं ते बेहतर होतं. मी हात पदराला पुसून कोरडे केले, सुरीच्या पाठीने मेण फोडलं आणि तुम्हाला डोक्यापासून नखापर्यंत नवं तेल लावलं. पाहुण्यांचं.

रामकली पाणी घेऊन आली आणि रडायला लागली. "कैसी महक रईं जिज्जी. भौजी ने कित्तो नोनो तेल लगाओ." मग आलेले सगळे तेच म्हणाले. नणंदेचं शेवटपर्यंत केलं, मेल्यावरही चांगलंच लावलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तुमच्या बापाच्या घरातून तुम्ही पाहुणी म्हणून निघालात हे तिथे फक्त दोघींना कळत होतं, आणि त्यातली एक तिरडीची वाट बघत होती. मी ते सूड म्हणून केलं की तुम्हाला जन्मात एकदा तरी चांगलं मिळावं म्हणून, हे मला विचारू नका. तुम्ही तरी मला कुठे सांगितलं होतंत.

रामकली आणखी पाणी आणायला गेली तेव्हा खोलीत आपण दोघीच होतो. मी उठून कोनाड्यातली जुनी बाटली आणली, बूच काढलं आणि तुमच्या उजव्या हाताशी ठेवली. नवं मिळाल्यावर मी ओतली होती, तुम्हीही ओतली होती. मी थांबले. घागर भरल्याचा आवाज आला, रामकली परत येताना ऐकू आली, तरी थांबले. तुम्ही हात उचलला नाहीत. मग मी बाटलीचं झाकण लावलं, नाहीतर हवा लागली असती.